हाताची घडी, तोंडावर बोट... आणि त्याच्या पुढचं: पहिली ते चौथीच्या मुलांना चांगलं वागायला शिकवायचं कसं

"हाताची घडी, तोंडावर बोट!" म्हटलं की वर्ग गप्प होतो. पण किती वेळ? मी एकदा भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं, दुसरीचा वर्ग, दीड मिनिटसुद्धा नाही, मागच्या बसकरपट्टीवरून कुणीतरी खुसुखुसू हसलं आणि परत बाजार सुरू. मग परत ओरडायचं, परत दीड मिनिट. नोकरीची पहिली तीन-चार वर्षं मी अशीच काढली, संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि वाटायचं की ही मुलंच तसली आहेत.

आता चौदा वर्षं झाली जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यातली बरीचशी द्विशिक्षकी शाळांमध्ये, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग आणि समोर मी एकटी. आणि आता ठाम मत झालंय की मुलं तसली नसतात, आपण त्यांना वागणं शिकवलेलंच नसतं, नुसतं सांगितलेलं असतं. अक्षरं आपण गिरवून घेतो, पाढे रोज म्हणून घेतो, चुकले तर परत घेतो, कुणी सातचा पाढा चुकला म्हणून आपण असं म्हणत नाही की हा पोरगा वाया गेलेला आहे. पण तोच रांगेत ढकलाढकली करू लागला की लगेच "वात्रट आहे, घरचं वळणच नाही". अहो पण रांगेत उभं कसं राहायचं हे त्याला कुणी कधी शिकवलं? एसटी आली की मोठी माणसं काय करतात ते तो बघतोच की.

हे लिहितेय ते नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी, पहिली ते चौथीपुरतं. मोठ्या मुलांचं गणित वेगळं असतं, त्यात मी पडत नाही.

जूनचे पहिले दोन आठवडे

शाळा उघडली की पुस्तकं वाटप, गणवेश, पट नोंदणी, सगळी घाई असते आणि धडा पहिला लवकर सुरू करायचा असतो. माझं सांगणं आहे की पहिले दोन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास फक्त वागण्याच्या सरावाला द्या, पुढे वर्षभर तो वेळ परत मिळतो. सगळं एकदम घेऊ नका. मी चार-पाच गोष्टीच घेते: चपला काढून ओळीत लावणं, खिचडीची रांग, पाणी प्यायला किंवा लघवीला जाताना कसं जायचं, दुसऱ्याची वस्तू कशी मागायची, आणि बाई दुसऱ्या वर्गाला शिकवत असताना आपण काय करायचं.

खिचडीच्या रांगेचंच सांगते, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात. भूक लागलेली, हातात ताट, समोर गरम पातेलं, आणि चौतीस मुलं. आधी मी ताटं रिकामी ठेवून, म्हणजे खिचडी नसतानाच, सकाळी अकराच्या सुमारास रांगेचा सराव घेते. पहिल्यांदा मी स्वतः ताट घेऊन रांगेत उभी राहून दाखवते, पुढच्याच्या पाठीला ताट लागणार नाही एवढं अंतर ठेवायचं, एक हात लांब. मग दोन मुलांना मुद्दाम चुकीचं करून दाखवायला सांगते, एक जण मध्ये घुसतो, दुसरा ढकलतो, सगळी पोरं हसतात, आणि मग मी विचारते की आता सांगा काय काय चुकलं, त्यांना सगळं माहीत असतं बरं का, पटापट सांगतात. मग त्याच दोघांना बरोबर करून दाखवायला लावायचं, हे विसरू नका, चुकीचं करणाऱ्यानेच शेवटी बरोबर करून दाखवायचं. मग सगळ्यांनी. जमिनीवर खडूने किंवा चुन्याने पावलं काढून ठेवली की पहिलीच्या मुलांना फार सोपं जातं, प्रत्येकाने एका पावलावर उभं राहायचं. हात धुणं, रांग, वाढून घेणं, जागेवर जाणं, श्लोक होईपर्यंत थांबणं, एवढं सगळं मिळून एक धडा आहे आणि तो पाठ व्हायला माझ्या अनुभवाप्रमाणे सात-आठ दिवस जातात.

आणि एक, सराव बिघडला तर ओरडायचं नाही. "अरे, आज जमलं नाही, परत करूया" एवढंच, आवाज न चढवता. पाढा चुकल्यावर आपण जो आवाज लावतो तोच.

भिंतीवरचे नियम

बाजारात छापील तक्ते मिळतात, वर्गाचे दहा नियम, ते आणून लावू नका. मुलं वाचत नाहीत, पहिलीला तर वाचताच येत नाही. त्यापेक्षा शनिवारी बालसभा असते तिथे विचारा की आपल्या वर्गात कुणाला रडू येऊ नये म्हणून काय करायचं. मुलं आधी सगळे "नाही"चे नियम सांगतील, मारायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं नाही, थुंकायचं नाही. मग आपण विचारायचं, बरं, मारायचं नाही, मग राग आला तर करायचं काय? तिथे खरी चर्चा सुरू होते. आमच्याकडे शेवटी तीनच वाक्यं उरली, मुलांच्याच तोंडची: "मारायचं नाही, सांगायचं." "विचारून घ्यायचं, परत द्यायचं." "एक बोलतो तेव्हा बाकीच्यांनी ऐकायचं." हे तिसरं बाईंनाही लागू आहे हे मुलांनी वदवून घेतलं आणि ते बरोबरच आहे, मूल बोलत असताना आपण पटकन तोडतो, लक्ष ठेवून बघा.

पोरं जशी बोलतात तशाच भाषेत लिहा. तुमच्याकडे अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, पावरी, गोंडी असेल तर त्यातच लिहा. प्रमाण भाषेतला नियम मुलांना सरकारी वाटतो.

शाब्बास म्हणणं पुरत नाही

हा भाग नीट वाचा कारण सगळ्यात जास्त फरक मला इथे दिसला. आपण दिवसभरात "शाब्बास", "गुड", "व्हेरी गुड" कितीदा म्हणतो, पण मुलाला कळतच नाही की नेमकं कशाबद्दल. त्याऐवजी जे बघितलं ते सांगायचं. मागच्या वर्षीची गोष्ट, पावसाचे दिवस, खिडकीजवळची बसकरपट्टी ओली झालेली, आणि तिसरीतला एक मुलगा काहीही न बोलता सरकला, दप्तर मांडीवर घेतलं आणि पहिलीतल्या छोट्या मुलीला जागा करून दिली. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "तू सरकून तिला कोरडी जागा दिलीस, मी बघितलं, तिला आता लिहिता येईल." बस एवढंच. तो काही बोलला नाही, कान लाल झाले त्याचे, पण त्या आठवड्यात तीनदा तरी कुणाला तरी जागा करून देताना दिसला.

जवळ जाऊन, हळू आवाजात, नाव घेऊन, आणि लगेच. काही मुलांना सगळ्यांसमोर कौतुक आवडतं, काही मुलं त्याने आक्रसतात, हे प्रत्येकाचं ओळखावं लागतं. आणि एक पथ्य कडक पाळा, कौतुकात दुसऱ्याला टोमणा नको. "बघा ती कशी शहाण्यासारखी बसलीय, नाहीतर तुम्ही!" याने तिचंही नुकसान होतं, सुट्टीत तिच्याशी कुणी खेळत नाही.

मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची ही पद्धत तर मी पूर्ण बंदच केली. दरवर्षी तीच पाच-सहा नावं फळ्यावर, त्या मुलांना वाटायला लागतं की आपली जागा तिथेच आहे. आणि मॉनिटरच्या हातात खडू आला की त्याचाही स्वभाव बदलतो, मित्राचं नाव पुसतो, ज्याच्याशी कट्टी त्याचं आधी लिहितो. आता फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आहे, मुलांनीच दिवसभरात बघितलेली एक चांगली गोष्ट तिथे सांगायची आणि मी लिहायची, "आज अमक्याने नळ बंद केला", "तमकीने शार्पनर दिलं". दुसऱ्या दिवशी परिपाठात ती वाचली जाते, सुविचारानंतर. सुविचार मुलं विसरतात, हे विसरत नाहीत, कारण त्यात त्यांचं नाव असतं.

बक्षिसं, स्टार, चॉकलेट

थोडक्यात सांगते. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना आधी सांगून ठेवलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, आणि ते दिलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं होतं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणून "शांत बसलात तर चॉकलेट" हा सौदा करू नका, उद्या मुलं विचारणार की आज काय देणार. कधीतरी न सांगता सगळ्या वर्गाला काही दिलं तर छान. आणि पैसे न लागणाऱ्या गोष्टींचं मुलांना जास्त अप्रूप असतं: शाळेची घंटा वाजवणं, आज मैदानावर कोणता खेळ ते ठरवणं, लहान वर्गाला गोष्ट वाचून दाखवणं, बाईंच्या खुर्चीवर बसून हजेरी घेणं. फक्त हे सगळ्यांना पाळीपाळीने मिळालं पाहिजे, हुशार मुलांची मक्तेदारी नको.

दंगा कधी होतो ते बघा

रिकामं बसलेलं मूल दंगा करतं, यात मुलाचा काही दोष नाही. दोन वर्ग एकत्र असतील तर मी एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याच्या हाताला काम हवं, आणि "धडा वाचत बसा" हे काम नव्हे. बिया मोजून दहाचे गठ्ठे करणं, शब्दकार्डांच्या जोड्या लावणं, जोडीत बसून एकमेकांची पाटी तपासणं, असं दिसणारं काम. संपलं की पुढे काय, तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर दर दोन मिनिटांनी "बाई झालं, बाई झालं".

वर्गाचं लक्ष वेधायला ओरडण्याऐवजी आम्ही पावसाची टाळी करतो. मी एक बोट तळहातावर वाजवते, ज्यांनी बघितलं ते माझ्याबरोबर वाजवतात, मग दोन बोटं, तीन, चार, पूर्ण टाळी, मोठा पाऊस, आणि मग उलट येत येत एक बोट आणि शांतता. अर्धा मिनिट लागतं. ती शांतता झाली की लगेच आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात करायची, हा मुख्य मुद्दा, तुम्ही मोठ्याने सुरू केलंत की मुलंही मोठ्याने.

कुणी चुळबुळ करत असेल तर लांबून नाव घेऊन ओरडू नका, शिकवत शिकवत त्याच्या शेजारी जाऊन उभं राहा. दहातल्या सात वेळा तेवढ्यानेच भागतं.

तो एक जण

प्रत्येक वर्गात एक असतोच. माझ्याकडे होता, त्याला आपण सोन्या म्हणू, खरं नाव नको. दुसरीत. रोज कुणाला तरी मारायचा, वह्या फाडायचा, आणि विचारलं की खाली मान. मी सगळे प्रकार करून बघितले, समजावलं, रागावले, शेजारी बसवलं. शेवटी एक साधी वही केली, तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. फक्त लिहायचं, मत द्यायचं नाही. आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या आणि सगळ्या समोर ठेवून वाचल्यावर मला धक्का बसला, अकरातल्या आठ खिचडीच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या होत्या, थांबून राहायची वेळ होती तेव्हाच्या. आणि तिसऱ्या रकान्यात जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच, "मी त्याला जवळ बोलावलं". म्हणजे मारलं की बाई जवळ घेतात, एरवी चौतीस मुलांत त्याची पाळी येत नाही, हे मीच त्याला शिकवत होते.

घरी गेले तर कळलं आईवडील ऊसतोडीला गेलेत, दिवाळीनंतर, ते उन्हाळ्याच्या तोंडावर येणार, हा आजीजवळ, आणि आजीच्या हातून सकाळी चहाशिवाय काही होत नाही. मग दोन गोष्टी केल्या. शाळेत भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा ठेवला, जो कुणी उपाशी आला असेल त्याने परिपाठानंतर मूठभर घ्यायचे, कुणी विचारायचं नाही, एकट्या सोन्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. आणि त्या अर्ध्या तासात ताटं मांडायचं काम त्याला दिलं, स्वयंपाकवाल्या ताईंबरोबर. सकाळी तो दारात आला की मी आधी त्याच्याशी दोन वाक्यं बोलायची, काही केलेलं नसतानाच.

लगेच चमत्कार झाला नाही. तिसऱ्याच आठवड्यात त्याने पाटी फेकून एका मुलीच्या भुवईवर खोक पाडली. त्या दिवशी ताटांचं काम काढून घ्यावं असं फार वाटलं, स्टाफमध्येही तसंच म्हणणं पडलं. पण ते काम म्हणजे बक्षीस नव्हतं, औषध होतं, आजार वाढला म्हणून औषध बंद करत नाहीत. मी त्याला पाणी आणायला लावलं, कापूस धरायला लावला, ती रडायची थांबेपर्यंत तो तिथेच बसून होता. तिच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं आणि आईचं बोलणं ऐकून घेतलं. फेब्रुवारीपर्यंत वहीतल्या नोंदी आठवड्याला दोनवर आल्या, शून्यावर कधीच आल्या नाहीत, पण दोन चालतात.

तुमच्याही वर्गातल्या "त्या" मुलासाठी आधी आठ दिवस वही लिहा, मग उपाय. ऐकू कमी येतं, फळ्यावरचं दिसत नाही, घरी मार खातो, झोप होत नाही, कारण यातलं काहीही निघू शकतं. घरी मार किंवा त्याहून वाईट काही दिसलं तर एकटीने दाबून ठेवू नका, मुख्याध्यापकांना सांगा, मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर कार्यालयात मोठ्या अक्षरात लावलेला असू द्या.

"बाई, यानं मला मारलं"

दिवसातून वीस वेळा. आमच्या व्हरांड्याच्या टोकाला एक कट्टा आहे, दोघांनी तिथे बसायचं, आधी एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ते परत सांगायचं, "तू म्हणतोस की मी तुझं रबर घेतलं". मग उलट. मग दोघांनी ठरवायचं आता काय करायचं, आणि येऊन मला सांगायचं. जबरदस्तीने "सॉरी म्हण" करू नका, मुलं तोंडाने सॉरी म्हणतात आणि बाहेर गेल्यावर परत देतात ठेवून. सुरुवातीला पंधरा दिवस तिथे आपण स्वतः बसावं लागतं. चौथीची मुलं नंतर हे छान सांभाळतात. पण तोच मुलगा रोज त्याच मुलाला त्रास देत असेल तर ते भांडण नव्हे, तिथे कट्ट्यावर पाठवू नका, आपणच मध्ये पडा.

मारायचं नाही म्हणजे नाही

शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी आहे. छडी गेली पण अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, चौथीतल्या मुलाला पहिलीत नेऊन बसवणं, टोपणनावं ठेवणं हे अजून चालतं आणि तेही त्यातच येतं. खेळाचा तास काढून घेऊ नका, सगळ्यात चुळबुळ्या मुलाला तर खेळ सगळ्यात जास्त लागतो. खिचडीवरून तर कधीच शिक्षा नको, कधीच.

मग चुकलं तर काहीच नाही का? आहे ना. सांडलं तर पुसायचं, वही फाडली तर दोघांनी बसून चिकटवायची, भिंतीवर रेघोट्या मारल्या तर ओल्या फडक्याने पुसायच्या. चुकीशी जुळणारं काम, आणि ते झालं की विषय संपला, संध्याकाळपर्यंत उगाळायचं नाही.

घरच्यांशी

"बाई, चार फटके द्या पण शिकवा" हे पालक प्रेमानेच म्हणतात, त्यांना तेवढंच माहीत असतं. वाद घालू नका. मी जुलैमध्ये प्रत्येक घरी एक फोन करते किंवा रस्त्यात भेटले की सांगते, फक्त चांगलं, "आज तुमच्या पोरीने स्वतःहून माठ भरला". शाळेतून फोन म्हणजे तक्रार हीच सवय असते, पलीकडून आधी भीतीचा आवाज येतो, "काय केलं त्यानं?" चांगला फोन आधी झालेला असला की पुढे अवघड विषय काढता येतो. तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, गाव छोटं असतं, संध्याकाळी त्या पोराला घरात मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्याकडेच येतो.

नोंदवहीत वर्णनात्मक नोंद लिहिताना "खोडकर आहे", "वर्तन समाधानकारक" असं लिहू नका. पुढच्या वर्षी जे शिक्षक येतील ते पहिल्यांदा हेच वाचतात. "रांगेत थांबायला अवघड जातं, हाताला काम दिलं की जमतं" असं लिहा, त्यांचा जून वाचेल.

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जूनचा सराव परत घ्या, दोन दिवस पुरतात. ऊसतोडीहून मुलं परततात गुढीपाडव्याच्या आगेमागे, तेव्हा त्यांच्यासाठीही, कारण पाच महिने त्यांना ना रांग ना घंटा, आणि बाकीचा वर्ग पुढे गेलेला. मी प्रत्येक परत आलेल्या मुलाला एक जोडीदार देते. यंदा दुसरीतली एक मुलगी नव्याने आलेल्या तिच्या चुलतभावाला सांगत होती, "हितं चपला लावायच्या, टाच भिंतीला, आन् ते पाऊल दिसतंय का, त्याच्यावर उभं ऱ्हायचं, म्या दावते."